कच्ची पेंड

सोमवार, ४ मार्च

दादा,

कुकर विकू नकोस.

चौदा महिन्यांनी पत्र लिहितेय आणि पहिल्याच ओळीत हुकूम सोडतेय, हे मला कळतंय; उगाच नाही तू मला मास्तरीण म्हणायचास. तू आता कपाळाला आठ्या घालून वहिनीकडे बघशील. तिला काही बोलू नकोस. भंगारवाला गिरणीत आला, टेप लावून कुकर मोजून गेला आणि महिनाअखेरीला कटर घेऊन येणार आहे, एवढंच तिनं सांगितलं. तेसुद्धा मी खोदून खोदून विचारलं म्हणून. फोन केला असता तर तू उचलला नसतास. पत्र निदान उघडावं तरी लागतं.

आता कामाचं बोलते.

बाबांनी गिरणी टाकली तेव्हापासून त्या कुकरमध्ये मासळीशिवाय काही शिजलेलं नाही. त्यामुळे मासळी नाही तर कुकर नुसतं लोखंड, असं तुला वाटणं साहजिक आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. धक्क्यावर येणारी बारीक मासळी दरवर्षी कमी होतेय, हे तुझ्याइतकं कुणी पाहिलेलं नाही. तू ती वाफवतोस, पिळतोस, वाळवतोस, दळतोस, आणि ती भुकटी आमच्यासारख्या मत्स्यबीज केंद्रांत पिल्लांच्या पोटात जाते. मासा वाढवायला मासाच दळून घालायचा, हे अजून किती वर्षं चालेल? मी फार तर दहा म्हणते.

त्या भुकटीच्या जागी सोयाबीनची पेंड आणि वाटाण्याचं पीठ घालता येतं. याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. अडचण एकच आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये असं काहीतरी असतं, जे माशाच्या पोटातला पाचक रस बांधून ठेवतं. मोठा मासा ते कसंबसं निभावून नेतो, बोटाएवढ्या पिल्लाला ते जमत नाही. उष्णता दिली की तो दोष जातो. पण उष्णता सगळीकडे सारखी लागायला हवी. कमी पडली तर दोष राहतो, जास्त झाली तर प्रथिनं जळतात. आमच्याकडे भाजायचा ड्रम आहे, त्यात हे नीट होत नाही. हे मी अनुभवानं सांगतेय. तुझ्या कुकरला बाहेरून वाफेचं वेष्टन आहे आणि आत माल हळूहळू पुढे ढकलणारा स्क्रू आहे. असं यंत्र या कामासाठी कुणी मुद्दाम बनवलं असतं तरी असंच बनवलं असतं.

तर बेत असा. कुकर, ड्रायर, चक्की तुझी. पेंड आणि वाटाणा मी पाठवते. आधी पाच पोती करून बघू.

मागचं जे झालं ते झालं. तुझंही मन दुखावलं, माझ्यावरही कामाचा ताण होता. तो विषय बाजूला ठेवून दोन शहाण्या माणसांसारखं बोलता येईल, असं मला वाटतं.

आईच्या गुडघ्याचं औषध बदललंय का? महिन्यातून एकदा ती बस बदलून माझ्याकडे येते, तासभर बसते आणि तुझ्याबद्दल अवाक्षर काढत नाही. जिना उतरताना मात्र दर पायरीला कण्हते.

कळव.

तुझी
मास्तरीण


रविवार, १७ मार्च

दादा,

माझं पत्र परत पाठवलंस. मी म्हटलं, संपलं. मग उलटून पाहिलं तर मागे तुझ्या त्या ठोकळेबाज अक्षरात एकच ओळ: ‘पोत्यांना वास होता असं तू अहवालात लिहिलंस. किती पोती उघडली होतीस?’

मी कुकरबद्दल विचारलं आणि तू पोत्यांबद्दल विचारलंस. ठीक आहे. तुझा प्रश्न रास्त आहे, तेव्हा उत्तरही सरळ देते.

एक.

तुझ्या गिरणीतून आलेल्या साठ पोत्यांपैकी मी एकच पोतं उघडलं होतं. त्याला आंबूस वास होता. हे मी रचलेलं नाही, वास होता. हाताला भुकटी चिकटत होती. मी नमुना घेतला, बाटलीत भरला, तपासायला पाठवला, आणि तेल खवट झाल्याचं उत्तर आलं. तो कागद आजही फाइलीत आहे.

आता मला माहीत आहे तू पुढे काय विचारणार. पोतं कुठलं होतं? ते आमच्या गोदामाच्या दारातलं होतं. टाक्या धुवायचा नळ जिथे आहे ना, त्याच्या बाजूचं. दोन आठवडे ते तिथे उभं होतं आणि नळाला गळती आहे. पोत्याचा खालचा भाग ओला होता. ही गोष्ट अहवालात यायला हवी होती, आली नाही. आतल्या कोरड्या पोत्यांपैकी दोन-चार उघडायला हवी होती, तेही राहून गेलं.

पण दादा, त्या आठवड्यात काय परिस्थिती होती ते तू लक्षात घे. रोज सकाळी टाक्यांवर पांढरी पोटं तरंगत होती. चाळीस हजार बोटुकल्या, बोटाएवढी पिल्लं, आठ दिवसांत गेली. केंद्राच्या मालकीणबाई दर तासाला माझ्या दारात उभ्या राहून विचारत होत्या, कारण सापडलं का? माणूस जे पहिलं हाती लागतं ते धरतो. मी धरलं. यात दुष्टपणा नव्हता.

भंगारवाल्याला अजून पंधरा दिवस थांबव. तेवढंच मागते.

मास्तरीण


बुधवार, २० मार्च

दादा,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितेय, कारण रविवारचं पत्र पेटीत टाकून आल्यापासून मला जेवण जात नाही. त्या पत्रात एकही वाक्य खोटं नाही. तरी ते पत्र खोटं आहे.

सुरुवातीपासून सांगते.

त्या वर्षी मी चार टाक्यांवर छोटा प्रयोग केला होता. अर्धी तुझी मासळीची भुकटी, अर्धी सोयाबीनची पेंड. पेंड ड्रममध्ये मी स्वतः उभी राहून भाजली होती आणि भाजल्यावर तपासली होती. तपासणी अगदी सोपी असते. बशीत चिमूटभर पेंड घ्यायची आणि वर औषधाचे थेंब टाकायचे. पेंड कच्ची असेल तर काही मिनिटांत लाल ठिपके उमटतात, नीट भाजली असेल तर रंग बदलत नाही. पहिल्या वेळी बशी स्वच्छ राहिली. पिल्लं छान वाढली. मला आकाश ठेंगणं झालं.

प्रयोगाचे आणखी दोन महिने बाकी होते. मी मालकीणबाईंना सांगितलं की थांबायची गरज नाही, सगळ्या टाक्यांना हेच खाद्य सुरू करू. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की? मी दोनदा नक्की म्हटलं. मग एकदम खूप पेंड लागली. ड्रम दिवसभर चालू ठेवला. खालची पेंड करपत होती, वरची नुसती गरम होत होती. मी ती तपासली नाही. वेळ नव्हता असं मी स्वतःला सांगत आले, पण तपासणीला दहा मिनिटं लागतात. मला खात्री होती, म्हणून तपासली नाही. एवढंच कारण आहे.

टाकीमामा, आमच्या टाक्या सांभाळणारे, वीस वर्षं झाली त्यांना इथे, ते तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आले होते. म्हणाले, पोरं घास तोंडात घेतात आणि थुंकतात. मी म्हटलं, नवीन चव आहे, होईल सवय. मग पिल्लांनी खाणं सोडलं. वाळत गेली. आणि अशक्त झाल्यावर त्यांना साधा आजार पुरला. एरवी मिठाच्या पाण्यानं जातो तोच.

मी तुला म्हटलं ना, जे पहिलं हाती लागतं ते धरलं? ते खरं नाही. तुझं पोतं मी दुसऱ्यांदा हाती घेतलं. पहिल्यांदा मी पेंडच तपासली. सगळे जेवायला गेले होते. बशीत पेंड घेतली, थेंब टाकले. मला पाच मिनिटंही थांबावं लागलं नाही. सगळी बशी लाल झाली. ठिपके नाहीत, सगळीच.

मी ती बशी धुतली. पुसून फळीवर पालथी घातली. मग गोदामात गेले आणि दारातलं पोतं उघडलं.

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

मालकीणबाईंनी तुझा माल बंद केला. बातमी बाकीच्या दोन केंद्रांत पोचली, त्यांनीही बंद केला. मग तू आलास. माझ्या खोलीत बसला नाहीस, टेबलापलीकडे उभा राहिलास. तुझ्या हातात रिकामी गोणी होती, बाबांच्या नावाचा शिक्का असलेली. तू आवाज चढवला नव्हतास. तू विचारलंस, “पोतं तू स्वतः उघडलंस?”

मी म्हटलं, “हो.”

“मग त्याला खरंच वास होता?”

“होता, दादा.”

तू म्हणालास, “तुझ्या शब्दापुढे माझं काही चालणार नाही. तू शिकलेली आहेस.” आणि गोणीची घडी घालून निघून गेलास. तू माझ्यावर विश्वास ठेवलास. तू भांडला असतास तर मला सोपं गेलं असतं.

गिरणीत बारा माणसं होती, आता पाच आहेत, हे मला आईनं नाही, त्या सातांपैकीच एकानं बसस्टॉपवर सांगितलं. त्यानं मला ओळखलं नव्हतं.

या पत्राचं तू काय करायचं ते कर. कुणाला दाखवायचं असेल तर दाखव. आधी मला इथे एक काम उरकायचं आहे.

तुझी


शनिवार, ६ एप्रिल

दादा,

काम उरकलं.

सोमवारी सकाळी मालकीणबाईंच्या खोलीत गेले. त्या चष्मा डोक्यावर चढवून पावत्या बघत होत्या. मी बसले नाही. तुला जे लिहिलं ते सगळं त्याच क्रमानं सांगितलं. बशीचंसुद्धा.  संपल्यावर त्यांनी चष्मा खाली घेतला आणि विचारलं, “आत्ता का सांगतेयस?”

“आधी घाबरले होते.”

“आणि आता घाबरत नाहीस?”

“आताही घाबरते. पण आता न सांगणं जास्त जड जातंय.”

त्या उठून खिडकीशी गेल्या. मग म्हणाल्या, “चाळीस हजार पिल्लं गेली त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं होतं, ते भरून निघालं. पण मी त्या माणसाला माझ्या दारातून परत पाठवलं. तेही तुझ्या सांगण्यावरून.” त्यांना एवढ्या हळू आवाजात बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. नंतर नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “खाद्य विभागाच्या चाव्या इथे ठेव. टाक्यांवर माणूस कमी आहे, उद्यापासून तिकडे. तुला काढून टाकत नाही. काढलं तर तू दुसरीकडे जाऊन पुन्हा इतक्याच खात्रीनं बोलशील. माझ्या डोळ्यांसमोर राहा.”

मी चाव्या ठेवल्या. त्याच दिवशी जुना अहवाल मागे घेतल्याचं पत्र लिहिलं. पेंड कच्ची होती, ती मी तपासली नव्हती आणि नंतर तपासली तेव्हा लपवलं, गिरणीच्या मालात दोष नव्हता, ओलं झालेलं पोतं आमच्या गोदामात ओलं झालं होतं, एवढं त्यात आहे. खाली माझी सही आहे आणि मालकीणबाईंची. एकेक प्रत दोन्ही केंद्रांना स्वतः नेऊन दिली. पहिल्या ठिकाणच्या व्यवस्थापकानं वाचून माझ्याकडे असं बघितलं की मला माझे हात कुठे ठेवावेत कळेना. दुसऱ्यानं वाचलं, घडी घातली आणि चहा विचारला. मला पहिलाच बरा वाटला. तुझी प्रत सोबत जोडली आहे.

आता मी पहाटे साडेपाचला टाक्यांवर असते. पाणी बदलते, जाळ्या घासते, तळाचा गाळ नळीनं ओढून काढते. टाकीमामांनी पहिल्या दिवशी मला झाडू दिला आणि दुसऱ्या दिवशी खुर्ची. खुर्ची टाकीच्या काठाला लावून म्हणाले, “तासभर नुसतं बघा. लिहू नका.” मी बसले. दादा, पंधरा वर्षं मी माशांचं खाणं बनवतेय आणि सलग तासभर त्यांना खाताना कधी पाहिलं नव्हतं. पिल्लू घास घेतं, तोंडात घोळवतं, आवडला नाही तर पुढे फेकतं, आणि मग दुसरं पिल्लू तोच घास घेऊन बघतं. घरातल्या पोरांसारखंच.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते, नाहीतर तुला वाटेल मी सगळंच मोडीत काढलं. मी खोटं वागले. पण सोयाबीन आणि वाटाण्याबद्दल मी चुकले नव्हते. नीट शिजवलेल्या पेंडीवर पिल्लं वाढतात, मी वाढवलेली आहेत. माझं वागणं वाईट होतं म्हणून पेंड वाईट ठरत नाही. हे मी टाकी घासतानाही म्हणेन.

कुकरबद्दल आता काही मागत नाही. विकायचा असेल तर वीक.

तुझी
मास्तरीण


मंगळवार, १४ मे

दादा,

तू फोन पटकन ठेवलास, म्हणून राहिलेलं लिहून पाठवते.

तीन तारखेला तुझा टेम्पो आमच्या फाटकात उभा राहिला तेव्हा मी गुडघाभर पाण्यात होते. ड्रायव्हरनं पाच पोती उतरवली आणि म्हणाला, “साहेबांनी सांगितलंय, तपासून घ्या आणि मगच वापरा.” बाकी एक शब्द नाही. प्रत्येक पोत्याला चिठ्ठी: किती वाजता घातलं, वाफ किती, किती मिनिटं. शिजवलेली सोयाबीन पेंड तीन पोती, वाटाणा दोन. पेंड कुणाकडून घेतलीस, कधी घेतलीस, भंगारवाल्याला काय सांगितलंस, काहीच कळायला मार्ग नव्हता. वहिनीला विचारलं तर ती म्हणाली, मला त्यात ओढू नका, तुम्ही दोघं एकाच मातीचे.

पाचही पोती उघडली. वरून, मधून, तळातून, असे पंधरा नमुने घेतले. पंधरा बशा मांडल्या. या वेळी खोलीचं दार उघडं ठेवलं, मालकीणबाईंना आणि टाकीमामांना बोलावलं आणि तिघं खुर्च्या टाकून बसलो. अर्धा तास. एकही बशी लाल झाली नाही. मालकीणबाई उठताना म्हणाल्या, “सहा टाक्या घे. चाव्या मिळणार नाहीत, टाक्या घे.”

पण एका पोत्याचा रंग मला आवडला नव्हता, आणि ते मी तुझ्यापासून लपवणार नव्हते. म्हणून चिठ्ठी पाठवली की तिसऱ्या पोत्यातली पेंड तांबूस आहे, जास्त शिजलेली वाटते, ती वापरत नाही.

त्यावर तुझा फोन. सव्वा वर्षानं तुझा आवाज ऐकला, आणि तू म्हणालास, “तांबूस म्हणजे किती तांबूस?”

“विटेसारखी.”

“सगळं पोतं?”

“तळाशी जास्त.”

“मग स्क्रू अडकून माल आत थांबला असणार. सुट्टीनंतरची पहिली पाळी होती. बघतो.”

आणि ठेवलास. मी फोन हातात धरून उभीच. टाकीमामांनी विचारलं, वाईट बातमी आहे का? मी म्हटलं, नाही, भाऊ आहे.

मला फोनवर जे म्हणायचं होतं ते असं. ते पत्र वाचून तू गिरणी बंद करून गेला असतास तरी माझी बोलायची सोय नव्हती. तू पेंड शिजवलीस. त्यामुळे मी मोठी शहाणी ठरत नाही, हे मला कळतं. पाळीवर माणसं परत घेतलीस का, हेही विचारायचं होतं. ‘पहिली पाळी’ म्हणालास, म्हणजे घेतली असावीस.

सहा टाक्यांत सहा तारखेपासून पिल्लं सोडली आहेत. दोन टाक्यांना नुसती मासळीची भुकटी, दोनांना एक भाग मासळी आणि दोन भाग पेंड-वाटाणा, दोनांना मासळी अजिबात नाही. माझा अंदाज ऐकून ठेव. बिनमासळीच्या टाक्या इतरांच्या बरोबरीनं येतील. मी पैज लावायला तयार आहे.

आईला घेऊन वहिनी रविवारी आली होती. या वेळी आई तीन तास बसली.

मास्तरीण


सोमवार, १ जुलै

दादा,

पैज हरले.

आज आठ आठवडे झाले. सकाळी सहाही टाक्यांतली पिल्लं जाळ्यात घेऊन वजनं केली. टाकीमामा काढत होते, मी तोलत होते, मालकीणबाई स्वतः आकडे लिहीत होत्या. मासळीवरची पिल्लं सरासरी अकरा ग्रॅमची. एक भाग मासळी असलेली पावणेअकरा. यांच्यात फरक नाहीच म्हण. बिनमासळीची सात.

सातवाल्या टाक्यांची गोष्ट नुसती वजनाची नाही. पहिले सहा आठवडे त्यांनी खाणं मन लावून खाल्लंच नाही. थोडी दांडगी होती ती खायची, बाकीची मागे पडायची. मग लहान-मोठी असा भेद झाला आणि मोठ्यांनी लहानांच्या शेपट्या कुरतडल्या. आमच्या माशांची जात मुळात मांसखाऊ, ती काय सोडते? बोटाची लांबी ओलांडली तशी तीच पिल्लं मात्र बिनमासळीचं खाणं गपागपा खायला लागली. शेवटच्या दोन आठवड्यांतली त्यांची वाढ बाकीच्यांइतकीच आहे.

म्हणजे निष्कर्ष असा. पहिले सहा आठवडे एक तृतीयांश मासळी हवीच. ती काढता येत नाही, निदान मला आज काढता येत नाही. त्यानंतर हळूहळू पूर्ण पेंड-वाटाणा चालतो. तू दहा वर्षांपूर्वी बाबांसमोर म्हणाला होतास की लहान पोराला अंगावरचंच दूध लागतं, आणि मी तेव्हा तुझ्या बोलण्यावर हसले होते.

आता अडचण. उद्या दहाला वरच्या खोलीत नव्या खाद्याची बैठक आहे. तळ्यांत मासे वाढवणारे तळीवाले येणार आहेत आणि ती दोन केंद्रंही. मालकीणबाईंनी हौसेनं खाद्याच्या नवीन पिशव्या छापून घेतल्या आहेत: ‘पूर्णपणे वनस्पतिजन्य, पहिल्या दिवसापासून’. आकडे स्वतः लिहूनही त्या दुपारी मला म्हणाल्या, “सात ग्रॅम काही वाईट नाही. शेवटचे दोन आठवडे तेवढे सांग, बाकीचं कुणी विचारणार नाही.”

मी म्हटलं, “कुणी विचारलं नाही तरी मी सांगणार.”

“मी पिशव्या छापल्यात.”

“पिशव्या सहा आठवड्यांपुढच्या बोटुकल्यांसाठी वापरू. ‘पहिल्या दिवसापासून’ वर चिकटपट्टी लावते. मी स्वतः लावते, सगळ्यांवर.”

त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. मग खणातून खाद्य विभागाच्या चाव्या काढून टेबलावर सरकवल्या आणि म्हणाल्या, “चिकटपट्टी गोदामात आहे.” आतापर्यंत अकराशे पिशव्या झाल्या. बोटं दुखतायत, अक्षर त्यामुळे असं आलंय.

तर उद्या त्या खोलीत मी सांगणार आहे की पिल्लांना मासळीची भुकटी लागते, चांगली लागते, आणि ती कुठे मिळते. मी दुरुस्तीचं पत्र दिलं होतं, पण पत्र एक माणूस वाचतो आणि खणात टाकतो. उद्या मी ते त्यांच्या तोंडावर बोलणार आहे. त्यामुळे एक शंका मला आत्ताच दिसतेय. कुणीतरी म्हणेल, बहिणीनं आधी भावाला बुडवलं, आता भावाच्या गिरणीसाठी निकाल वाकवतेय. आणि तुलाही वाटू शकतं की हा निकाल मी तुझी भरपाई म्हणून काढला. तसं असेल तर मला तो निकाल नको.

म्हणून तू आठला ये. बैठकीच्या आधी. सहाही टाक्यांत जाळं तू टाक, काटा तुझा आण, वजनं तू कर. माझा कागद बघू नकोस, तुझा वेगळा लिही. सात आणि अकरा तुझ्या हाताला लागले तर माझ्याबरोबर वर चल. नाही लागले तर तिथेच टाकीवर मला सांग, आणि मी बैठकीत तुझे आकडे वाचेन.

वर तुला एक शब्द बोलावा लागणार नाही. बोलेन मी, ते मला जमतं, हे तुला माहीत आहे. तू फक्त शेजारच्या खुर्चीत बस.

हे पत्र टेम्पोच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतेय, तो संध्याकाळी वाटाण्याची रिकामी पोती परत न्यायला येतोय, म्हणजे आजच तुझ्या हाती पडेल. चांगली चप्पल घालून येऊ नकोस, फरशी ओली असते. टाकीमामांनी तुझ्या मापाचे गमबूट धुऊन दाराशी उभे करून ठेवले आहेत.

तुझी
मास्तरीण